अँटोनियो गेट्स : कॉलेजात एकही फुटबॉल मॅच न खेळता हॉल ऑफ फेमपर्यंत

मिशनव्हॅलीकर :

ऑगस्ट २०२५ मधे गेट्सला ओहायोतल्या कँटनला, अमेरिकन फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममधे घेतलं तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे आपण मोजकेच आहोत, पण सॅन डिएगोत राहून तेव्हाची इथली टीम चार्जर्स बघितलेल्या माणसाने गेट्सवर धागा काढला नाही असं होऊ नये.

थोडक्यात गोष्ट अशी. पोरगा डेट्रॉइटचा, शाळेत फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हीत जबरदस्त. मिशिगन स्टेटला गेला तो कोच निक सेबनच्या हाताखाली फुटबॉल खेळायला, पण याला दोन्ही खेळायचं होतं आणि सेबनचं म्हणणं की फुटबॉलच खेळ, मग हा तिथून निघाला, दोनतीन कॉलेजं फिरला, मधे कॅलिफोर्नियातल्या एका ज्युनियर कॉलेजात पण होता, आणि शेवटी ओहायोतल्या केंट स्टेटला पोचला. तिथे फक्त बास्केटबॉल. २००२ ला त्यांची टीम देशातल्या शेवटच्या आठात गेली. पुढच्या सीझनला याची सरासरी मॅचला २०.६ पॉइंट आणि ७.७ रिबाउंड. आता कोणीही म्हणेल की एनबीए पक्कं, पण उंची ६ फूट ४ इंच. खेळायचा मोठ्या माणसांच्या जागेवर, आणि त्या जागेला एनबीएत ही उंची पुरत नाही. स्काउट लोकांनी तोंडावर सांगितलं की तुझं काही होणार नाही.

मग एनएफएल. २००३ च्या ड्राफ्टमधे (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सात राउंड, २६२ पोरं निवडली गेली, त्यात हा नव्हता. कॉलेजात फुटबॉलचा एक स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारा एक डाव) खेळलेला नाही त्याला कोण ड्राफ्ट करणार म्हणा. चार्जर्सचे टाइट एंड कोच टिम ब्रूस्टर मात्र मागे लागले होते, त्यांनी त्याला फ्री एजंट म्हणून, म्हणजे ड्राफ्टबाहेरून, घेतला. पहिल्या वर्षी २४ कॅच, ठीकठाक. दुसऱ्या वर्षी ८१ कॅच, ९६४ यार्ड आणि १३ टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या एंडझोनमधे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेला की टचडाऊन), आणि एका सीझनमधे १३ टचडाऊन त्याआधी कुठल्याच टाइट एंडने केलेले नव्हते! म्हणजे शाळा सुटल्यानंतर अंगावर पॅड न चढवलेला माणूस दोन वर्षांत त्या जागेचा रेकॉर्ड मोडतो. मला आजही हे पूर्ण पचलेलं नाही.

पण मला जे खरं बोलायचंय ते हे, की लोकं "बास्केटबॉल प्लेअर होता, उंच होता, उडी मारायचा आणि पकडायचा" असं म्हणून विषय संपवतात, ते साफ चूक आहे. उडी मारणारे ढिगाने आले. गेट्स पळायला असा काही वेगवान नव्हताच, आणि पुढे पुढे पायांनी इतका त्रास दिला की जेवढा वेग होता तोही गेला. तरी २०१० ला तळपायाची शीर फाटलेल्या अवस्थेत १० मॅच खेळला आणि १० टचडाऊन केले. २०१४ ला चौतिसाव्या वर्षी १२ केले. हे उड्यांनी होत नाही. हे जागा कशी धरायची याचं ज्ञान आहे. एंडझोन आठ यार्डावर असताना तो सरळ पाचसहा पावलं जायचा, लाइनबॅकरच्या (डिफेन्सच्या मधल्या फळीतला माणूस) अगदी छातीला भिडायचा, पाय रोवायचा आणि वळताना कंबर अशी घालायचा की तो बिचारा पूर्ण मागे. मग त्याने कितीही हात लांब करू दे, बॉल आणि त्याच्यामधे गेट्सची पाठ. आणि आमचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स, त्याची ती खांद्यावरून ढकलल्यासारखी फेक, तो गेट्स वळायच्या आधीच बॉल सोडायचा. दोघांनी मिळून ८९ टचडाऊन केले रेग्युलर सीझनमधे.

एकूण १६ सीझन, सगळे एकाच टीमकडून. ९५५ कॅच, ११,८४१ यार्ड, ११६ टचडाऊन. हे ११६ टाइट एंडमधे सगळ्यात जास्त, आजसुद्धा.

आणि एक दुखणं आहे ते पण लिहून टाकतो. १११ वा टचडाऊन, म्हणजे तोवर टाइट एंडचा रेकॉर्ड असलेल्या टोनी गोन्झालेझशी बरोबरी, झाला १ जानेवारी २०१७ ला इथे क्वालकॉम स्टेडियममधे. ती चार्जर्सची सॅन डिएगोतली शेवटची मॅच ठरली. नव्या स्टेडियमचा ठराव नोव्हेंबरमधल्या मतदानात पडलेलाच होता, १२ जानेवारीला मालकाने जाहीर केलं की टीम लॉस एंजेलिसला चालली. रेकॉर्ड मोडणारा ११२ वा झाला सप्टेंबरमधे कार्सनला, एका सॉकरच्या स्टेडियममधे, जिथे जेमतेम २७ हजार माणसं बसतात आणि त्यातले कितीतरी समोरच्या टीमचे, मायामीचे, फॅन होते. चौदा वर्षं ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं त्या गावाला तो क्षण मिळायला हवा होता. माझ्या घरापासून ते क्वालकॉम स्टेडियम दिसायचं, आता पाडलं, त्याच्या शेजारी युनिव्हर्सिटीचं नवीन झालंय. पण तो ११२ वा आमचाच होता असं मी मानतो.

पौडरोड :

मस्त लिहिलंय. पण माझ्यासारख्याला एक बेसिक सांगा ना, टाइट एंड म्हणजे नक्की कोण? मला क्वार्टरबॅक कळतो, तो फेकतो. बाकीचे सगळे एकमेकांना ढकलताना दिसतात.

मिशनव्हॅलीकर :

पौडरोड, चांगलं विचारलंत, बरेच जण विचारत नाहीत आणि मग मॅच डोक्यावरून जाते.

अकरा जण असतात. त्यातले किमान सात जण स्नॅपच्या वेळी रेषेवर उभे पाहिजेत. मधले पाच जाडजूड, त्यांचं काम फक्त अडवणं, फॉरवर्ड पास त्यांनी पकडायचा नाही. रेषेच्या दोन टोकांना जे असतात ते मात्र पकडू शकतात. यातला जो त्या पाचांना अगदी चिकटून उभा राहतो तो टाइट एंड. आता गंमत बघा, चिकटून उभा आहे म्हणून त्याला सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला अडवावं पण लागतं, आणि टोकाला आहे म्हणून पळत जाऊन पास पकडायचा हक्क पण आहे. समोरच्याला स्नॅपच्या आधी कळत नाही की हा आता अडवणार का पळणार. आपल्याकडच्या ऑलराउंडरसारखं समजा, एका माणसामुळे टीम दोन पद्धतीने खेळू शकते.

आणि डिफेन्सची पंचाईत अशी की याच्यावर लाइनबॅकर ठेवला तर तो हळू पडतो, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) ठेवला तर तो अंगाने छोटा पडतो. गेट्सने ही पंचाईत सोळा वर्षं वापरली.

नागपुरी_सेंटर :

मी कॉलेजात आणि नंतर युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळलेय, सेंटरच्या जागेवर, त्यामुळे त्या कंबर घालण्यावर मला बोलायचंच आहे.

आम्ही त्याला बॉक्स आउट म्हणतो. शॉट सुटला की नवखी मुलगी वर बॉलकडे बघते. शिकलेली मुलगी आधी मागे बघते, आपल्या जवळची प्रतिस्पर्धी कुठे आहे ते, तिच्या अंगाला अंग लावते, गुडघे वाकवते, बूड खाली, कोपरं बाहेर, आणि मग वळून बॉल शोधते. उडी सगळ्यात शेवटी. आमचे सर म्हणायचे रिबाउंड जमिनीवर मिळतो. मी उंचीने फार नव्हते, माझ्यापेक्षा चार इंच उंच मुलींवर मी रिबाउंड काढलेत ते फक्त यावर.

हा धागा वाचून गेट्सचे जुने व्हिडिओ बघितले आणि तो शब्दशः तेच करतोय! पाय आधी, कंबर नंतर, हात सगळ्यात शेवटी. आणि अजून एक, तो बॉल छातीशी येऊ देत नाही, हात पुढे काढून तळव्यांनी उचलतो, म्हणजे मागच्याचा हात पोचायच्या आत बॉल याच्याकडे. रिबाउंड खेचणाऱ्याची सवय आहे ती. ६ फूट ४ ला एनबीएत कमी म्हणाले ना, तर कमी उंचीच्या माणसाला ही सवय लागतेच, नाहीतर तो टिकत नाही. मला वाटतं तो साडेसहा पावणेसात फूट असता तर हे इतकं चांगलं शिकलाच नसता.

मिशनव्हॅलीकर :

नागपुरी_सेंटर, कसलं भारी लिहिलंत! एवढ्या वर्षांत टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञाकडून इतकं स्वच्छ ऐकलेलं नाही. शेवटचं वाक्य तर लाखमोलाचं.

ॲरोहेडचा_भक्त :

धागा आवडला, गेट्सबद्दल आदर आहे, पण गोन्झालेझच्या कॅन्सस सिटीकडून कोणीतरी बोललं पाहिजे. टोनी गोन्झालेझ : १७ सीझन, १,३२५ कॅच, १५,१२७ यार्ड, १४ प्रो बोल (ऑल-स्टार मॅचसाठी निवड). सतरा वर्षांत फक्त दोन मॅच चुकल्या, दोन! आणि तोसुद्धा कॅल बर्कलीला बास्केटबॉल खेळलेला, म्हणजे ती वाट गेट्सच्या आधी त्याने पाडली. गेट्सचे टचडाऊन पाच जास्त आहेत, यार्ड तीन हजारांहून कमी आहेत. आमच्याच टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीचं तर बोलायलाच नको, लागोपाठ सात सीझन हजाराच्या वर यार्ड आणि तीन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेले. गेट्स सुपर बोलला एकदाही पोचला नाही.

आणि २०१५ चं चार मॅचचं सस्पेन्शन तुम्ही लिहिलंच नाही. बंदी असलेल्या पदार्थावरून झालं होतं ते. धाग्यात यायला हवं.

मिशनव्हॅलीकर :

सस्पेन्शन यायलाच हवं, बरोबर. २०१५ च्या सुरुवातीच्या चार मॅच तो बाहेर होता, त्याचं म्हणणं होतं की दुखापतीतून सावरताना घेतलेल्या सप्लिमेंटमधून ते आलं आणि जबाबदारी माझीच. मी त्यावर पांघरूण घालणार नाही, पदकाला तेवढा डाग आहे. २०२४ ला पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममधे त्याचा नंबर लागला नाही, त्यातही याचा वाटा असावा असं मला वाटतं. पण परत आल्यावर पहिली मॅच पिट्सबर्गविरुद्ध, सोमवारची रात्र, त्यात त्याने १०० वा आणि १०१ वा टचडाऊन केला हेही त्याच वर्षाचं.

यार्डाचं म्हणाल तर गोन्झालेझ मोठाच, वाद नाही, मैदानाच्या मधल्या भागात त्याच्यासारखा कोणी नाही. पण मी विचारतो ते वेगळं. गोल समोर आहे, जागा दहा यार्डाची, अकरा डिफेंडर त्यात कोंबलेत, सगळ्यांना माहितीय बॉल कोणाकडे जाणार, तेव्हा कोण हवा? मी गेट्स म्हणेन, आणि केल्सी, पेट्रियट्सचा टाइट एंड ग्रॉन्क, कोणीही समोर ठेवा, उत्तर बदलणार नाही.

सुपर बोलचं ओझं एकट्या टाइट एंडवर टाकू नका हो. २००६ ला १४-२ (१४ जिंकलेल्या, २ हरलेल्या) अशी टीम होती, बॉल घेऊन पळणारा टॉमलिन्सन तुफान फॉर्मात, आणि प्लेऑफमधे (बाद फेरीत) घरच्या मैदानावर पेट्रियट्सकडून २४-२१ ने गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी टायटन्सच्या मॅचमधे गेट्सच्या पायाचा अंगठा निखळला, तरी तो कोल्ट्सविरुद्ध खेळला, पेट्रियट्सविरुद्ध खेळला, त्या शेवटच्या मॅचला रिव्हर्सचा गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला आणि गेट्सचा अंगठा तसा. हरले २१-१२. फेब्रुवारीत ऑपरेशन. ती मॅच बघून मी टीमवर रागावू शकलो नाही.

ओहायोनिवासी :

केंट माझ्या घरापासून जवळ आहे म्हणून थोडी भर घालते. केंट ते कँटन गाडीने तासाच्या आत होतं. म्हणजे ज्या गावात हा फक्त बास्केटबॉल खेळला त्याच्या शेजारच्याच गावात फुटबॉलचा हॉल ऑफ फेम! कॉलेजने त्याचा ४४ नंबर रिटायर केलाय (म्हणजे तो आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत), पण तो बास्केटबॉलचा.

आणि २००२ च्या त्या टीमबद्दल इकडे अजून बोलतात. दहावं सीड, म्हणजे आपल्या गटात दहावं मानांकन. ओक्लाहोमा स्टेट हरवलं, दुसरं सीड अलाबामा हरवलं, तिसरं सीड पिट्सबर्ग ओव्हरटाइममधे हरवलं, मग इंडियानाकडून थांबले. एवढ्याशा कॉन्फरन्समधलं कॉलेज आहे हो हे, मोठ्या शाळांपुढे याचं बजेट काहीच नाही.

अजून एक. ज्या निक सेबनला सोडून तो गेला, ते सेबन स्वतः केंट स्टेटचे माजी विद्यार्थी, तिथे फुटबॉल खेळलेले. सेबनचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना त्याच्यात फुटबॉल दिसला होता, आणि तो होताच.

हिशेबनीस :

खेळावर छान चाललंय, मी पैशाचं सांगतो कारण टाइट एंडच्या करियरमधे तो भाग फार कमी बोलला जातो.

गेट्सनेच २००५ ला भांडण केलं होतं. १३ टचडाऊन करून आलेला माणूस, आणि तीन सीझन पूर्ण न झालेल्यांच्या नियमात अडकल्यामुळे हातात एका वर्षाचं किमान पगाराचं पत्र. तो सीझनआधीच्या सरावाच्या कॅम्पला आलाच नाही. टीमने अट घातली की अमुक तारखेपर्यंत सही नाही तर तीन मॅच बसवणार, आणि खरंच बसवला, त्यातली एक सीझनची पहिलीच मॅच होती, डॅलसविरुद्ध, चार्जर्स २८-२४ ने हरले. त्या वर्षी ९-७ करून प्लेऑफ हुकला. अर्थात मोठा करार त्याला मिळालाच.

दुसरं उदाहरण जिमी ग्रॅहम, तोही मायामी युनिव्हर्सिटीला बास्केटबॉलवाला, फुटबॉल एकच वर्ष. २०१४ ला त्याच्या टीमने, सेंट्सने, त्याला फ्रँचाइज टॅग लावला, म्हणजे जागेनुसार ठरलेला एका वर्षाचा पगार देऊन टीममधेच ठेवलं. टाइट एंडचा टॅग होता साधारण ७० लाख डॉलर, वाइड रिसीव्हरचा (लाइनपासून लांब उभं राहून पास पकडणारा) १ कोटी २३ लाख. ग्रॅहम म्हणाला मी निम्म्याहून जास्त वेळा लाइनपासून लांब उभा असतो, मग मी रिसीव्हर. लवादाने ऐकलं नाही, टाइट एंडच ठरवलं. काम रिसीव्हरचं, पगार टाइट एंडचा! जो माणूस अडवतो पण आणि पकडतो पण त्याला दोघांपेक्षा जास्त मिळायला हवं, लीगच्या हिशेबात तो उलट कमी. मला हे अन्यायाचंच वाटतं.

ॲरोहेडचा_भक्त :

हिशेबनीस यांना अनुमोदन. जॉन मॅकीचं नाव इथे आलंच पाहिजे मग. बाल्टिमोर कोल्ट्सचा टाइट एंड, १९७० ला प्लेअर्स युनियनचा अध्यक्ष झाला, आणि खेळाडूंना टीम बदलू न देणाऱ्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला, १९७६ ला जिंकला. आजचे फ्री एजन्सीचे पैसे त्या माणसाने सुरू केलेल्या लढाईतून आलेत. हॉल ऑफ फेमला त्याला १९९२ पर्यंत थांबवलं. शेवटी स्मृतिभ्रंश झाला, २०११ ला गेला, त्याच्या ८८ नंबरवरूनच डिमेन्शिया झालेल्या माजी खेळाडूंच्या मदतीची योजना आहे. डोक्याला बसणारे मार हा या जागेचा दुसरा हिशेब आहे.

बालेवाडी_११ :

पुण्याचा एक धागा आहे बरं का याला. २०१२ ला भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली होती, एलिट फुटबॉल लीग, त्यात पुणे मराठाज नावाची टीम होती, मॅचेस कोलंबोला झाल्या होत्या. त्या लीगच्या पाठीराख्यांत माइक डिट्का होता, आणि डिट्का म्हणजे हॉल ऑफ फेममधे गेलेला पहिलावहिला टाइट एंड, १९८८ चा! १९६१ ला पहिल्याच सीझनला १,०७६ यार्ड केले होते त्याने, जेव्हा टाइट एंडने फक्त ब्लॉक करायचं, म्हणजे अडवायचं, अशी पद्धत होती. लीग काही टिकली नाही. रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्समधली पोरं होती त्यात, काहींचे हात खरंच चांगले होते. नीट कोचिंग चार वर्षं मिळालं असतं तर काय झालं असतं असं वाटत राहतं.

नागपुरी_सेंटर :

बालेवाडी, यावर वेगळा धागा काढाच. खेळाडू कसे निवडले, सराव कुठे व्हायचा, सगळं वाचायचंय.

मला मिशनव्हॅलीकरांना एक विचारायचंय. गेट्स ब्लॉकिंगला कसा होता? व्हिडिओत सगळे कॅचच दाखवतात.

मिशनव्हॅलीकर :

खरं सांगायचं तर सुरुवातीला कच्चा होता, येणारच कुठून, शाळेनंतर कधी केलंच नव्हतं. नंतर कामचलाऊपेक्षा बरा झाला, टॉमलिन्सन त्याच्या बाजूने पळायचा तेव्हा गेट्स आपला माणूस धरून ठेवायचा. पण ग्रॉन्कसारखा समोरच्याला उचलून बाजूला नेणारा ब्लॉकर तो नव्हता. पूर्ण टाइट एंड म्हणाल तर ग्रॉन्क पुढे, हे मी चार्जर्सवाला असून म्हणतो. ग्रॉन्कला शरीराने तेवढी वर्षं दिली नाहीत एवढंच.

गेट्सची शेवटची वर्षं पण बघण्यासारखी आहेत. २०१८ ला टीमने आधी त्याला नवीन करार दिलाच नाही, टीमचा तरुण टाइट एंड हंटर हेन्रीचा गुडघा गेला म्हणून सप्टेंबरमधे परत बोलावलं. अडतीस वर्षांचा माणूस, आला, २८ कॅच पकडले, तक्रारीचा एक शब्द नाही. शेवटची मॅच जानेवारी २०१९, परत पेट्रियट्सच.

पौडरोड :

आता एक पूर्ण मॅच बघायची आहे. कुठली बघू? एकच सांगा, जास्त सांगितल्या तर एकही होणार नाही.

मिशनव्हॅलीकर :

१४ सप्टेंबर २०१४, सिएटल सीहॉक्स इथे सॅन डिएगोला आले होते. सिएटल नुकतेच सुपर बोल जिंकलेले, त्यांचा मागचा डिफेन्स त्या काळात देशातला सगळ्यात दरारा असलेला, शर्मन, थॉमस, चॅन्सलर. गेट्स चौतीस वर्षांचा. सात कॅच, ९६ यार्ड, तीन टचडाऊन, आणि ३०-२१ ने जिंकलो. उकाडा प्रचंड होता त्या दिवशी, सिएटलची पोरं दुसऱ्या हाफला धापा टाकत होती, चार्जर्सनी बॉल हातात ठेवून ठेवून त्यांना दमवलं.

बघताना बॉलकडे बघू नका. ८५ नंबर शोधा, स्नॅपच्या आधी तो कुठे उभा आहे ते बघा, मग त्याच्या समोर ५० नंबर के. जे. राइट आहे का ३१ नंबर चॅन्सलर आहे ते बघा. आणि नागपुरी_सेंटर यांनी सांगितलंय तेच, आधी पाय, मग कंबर. तीन टचडाऊन आहेत, पहिला कदाचित निसटेल, दुसऱ्याला दिसायला लागेल.

पौडरोड :

रविवारी लावतो. बायकोलाही बसवतो, ती शाळेत बास्केटबॉल खेळायची.